गाडी दारात, कागद डब्यात

गेल्या खेपेस या सदरात आम्ही रेशनकार्डावरील नावांच्या दुरुस्तीविषयी लिहिले होते. त्यानंतर बऱ्याच वाचकांनी आपापल्या अडचणी कळविल्या. एक भगिनी तर बसथांब्यावरच गाठून म्हणाल्या, "भाऊ, रेशनचं लिहिलंत, बरं झालं. पण दारातली गाडी चोरीला गेली तर माणसानं काय करायचं, ते कधी लिहिणार?" त्यांच्या यजमानांची मोटारसायकल आठवडे बाजारातून गेली होती. त्यांना उत्तर देताना आम्ही जरा ओशाळलो. या विषयावर लिहिण्याजोगा अनुभव आमच्यापाशी आहे, पण तो काही मिरवण्यासारखा नाही. तरीही तो सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

मोटारसायकल ही आज आपल्या घरात चैनीची वस्तू राहिलेली नाही. आमचे वडील सायकलच्या हँडलला डबा अडकवून कामावर जात. आज कारखाना वस्तीपासून बारा-पंधरा किलोमीटर दूर गेला. रात्रपाळी सुटते तेव्हा बस नसते. मुलीला क्लासला सोडायचे, म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यायचे, सुट्टीच्या दिवशी दोन पैसे जादा मिळवायला पार्सल पोचवायचे, हे सगळे त्या दोन चाकांवर चालते. घराखालोखाल एवढी मोठी खरेदी कामगाराच्या आयुष्यात दुसरी नसते, आणि तीही बहुधा कर्जाने झालेली असते. म्हणून गाडी जाते तेव्हा घराची रोजीही तिच्याबरोबर जाते.

सकाळी सहाला आलेला मुलगा

आमच्या गल्लीत एक होतकरू तरुण राहतो. औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार आहे. वडील नाहीत. आई चार घरची धुणीभांडी करते. २०२२ च्या दसऱ्याला त्याने शंभर सीसीची नवी मोटारसायकल घेतली. शोरूमची किंमत ऐंशी हजार, कर्ज छत्तीस हप्त्यांचे, हप्ता दरमहा २९०० रुपये. गाडी घ्यायला जाताना त्याच्या आईने आम्हांला मुद्दाम बरोबर नेले. "भाऊ, तुम्ही कागदातलं माणूस. तुम्ही सोबत असलात म्हणजे घोर नाही." कर्जाला जामीन म्हणून सही आमचीच पडली.

शोरूममधल्या मुलाने पेढा दिला, कागद पुढे केले आणि म्हणाला, "इन्शुरन्स पाच वर्षांचा आहे, पाच वर्षं काही बघायला नको." आम्ही ते ऐकले आणि मान डोलावली. बी.कॉम. झालेल्या आणि दिवसभर दुसऱ्यांची बिले तपासणाऱ्या या कारकुनाने त्या कागदाचे पान काही उलटून पाहिले नाही.

फेब्रुवारी २०२५ मधली गोष्ट. सकाळी सहाच्या सुमारास दार वाजले. दारात तो मुलगा. "जयभीम काका. गाडी जागेवर नाही." दुसरी पाळी करून तो रात्री बारा वाजता आला होता. गल्लीत गटाराचे खोदकाम चालले असल्याने गाडी तोंडाशीच, दिव्याच्या बंद खांबाखाली लावलेली. हँडल लॉक केले होते. साखळीचे कुलूप होते, पण पावसाळ्यात गंज धरून ते घट्ट झाले, तेव्हापासून दारामागे खिळ्याला टांगलेले. ते कुलूप आम्ही नंतर स्वतः पाहिले. त्यात चार थेंब तेल सोडले असते तर ते चालले असते.

पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी आधी विचारले, "हप्ता थकला होता का? फायनान्सवाल्यांनी तर नेली नाही ना?" हप्ता एकही थकलेला नव्हता. दुपारपर्यंत रीतसर गुन्हा नोंदला गेला. त्यांनी चांगले सहकार्य केले, हे मुद्दाम नमूद करतो.

संध्याकाळी त्यांच्या घरी बसलो. माउलीने कागदांचा पत्र्याचा डबा आणून पुढ्यात ठेवला. सगळे व्यवस्थित होते. पॉलिसी प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी न मोडता ठेवलेली. आम्ही ती उघडली आणि अडीच वर्षांपूर्वी जे पान उलटायला हवे होते ते त्या दिवशी उलटले. त्यावर दोन वेगवेगळ्या मुदती छापल्या होत्या. एक २०२७ पर्यंतची. दुसरी २०२३ मध्येच संपलेली. चोरीची भरपाई त्या दुसऱ्या भागात होती.

"भाऊ, पाच वर्षं म्हणाला होता ना तो पोरगा?" माउलीने विचारले. आम्हांला उत्तर सुचेना.

पाच वर्षे कशाची?

ही चूक घरोघर आहे, म्हणून नीट समजून घ्यावी. वाहनाच्या विम्याचे दोन भाग असतात. पहिला भाग 'थर्ड पार्टी', म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली, कोणी दगावले किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले तर त्याच्या भरपाईचा. हा कायद्याने सक्तीचा आहे. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, त्याला 'ओन डॅमेज' म्हणतात. अपघात, आग, पूर आणि चोरी ही सर्व या दुसऱ्या भागात येतात. तो सक्तीचा नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. दुसरा भाग मात्र बहुधा एकाच वर्षाचा दिलेला असतो. म्हणजे पहिल्या वाढदिवसानंतर गाडी चोरीच्या दृष्टीने उघडी पडते. रस्त्यावर पोलिसांनी अडविले तर कागद बरोबर असतात, दंड होत नाही. त्यामुळे आपला विमा चालू आहे, अशी समजूत पक्की होते. मुदत संपत आल्याचा संदेश फोनवर येतो, तो इंग्रजीत. आमच्या या मुलाने मधल्या काळात सिमकार्ड बदलले होते. संदेश आला असेल तर तो जुन्या नंबरवर आला असेल.

आता हिशेब मांडतो. गाडी पूर्ण गेली तर कंपनी नव्या गाडीची किंमत देत नाही. पॉलिसीवर 'आय.डी.व्ही.' म्हणून जी रक्कम छापलेली असते तीच भरपाईची मर्यादा. नेहमीच्या कोष्टकाप्रमाणे गाडीच्या किमतीतून सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घट धरतात. या मुलाच्या ऐंशी हजारांच्या गाडीला दोन वर्षे होऊन तिसरे चालू होते. ३० टक्के वजा जाता ५६ हजार राहतात. त्याचे आठ हप्ते बाकी होते, म्हणजे २३,२०० रुपये. कर्ज असलेल्या गाडीची भरपाई आधी कर्ज देणाऱ्याकडे जाते. ते फेडूनही ३२ हजारांच्या वर रक्कम त्याच्या हाती आली असती आणि दुसरी गाडी उभी राहिली असती.

त्यासाठी काय लागले असते? एवढ्या किमतीच्या गाडीला दुसऱ्या भागाचा हप्ता साधारण हजार रुपयांच्या आसपास असतो. कंपनीगणिक कमीजास्त. दोन वर्षांचे दोन हजार धरू. दोन हजार वाचले आणि ५६ हजार बुडाले. वर आठ महिने नसलेल्या गाडीचे हप्ते तो भरत राहिला. जामीन आम्ही होतो, म्हणून दोन हप्ते आम्ही देऊ केले, पण त्याने ते घेतले नाहीत.

ज्यांचा दुसरा भाग संपला आहे त्यांनी हातपाय गाळू नयेत. थर्ड पार्टीची मुदत चालू असेल तर नुसता ओन डॅमेजचा विमा वेगळा घेता येतो. तो त्याच कंपनीचा असला पाहिजे असे नाही. मध्ये बरेच दिवस गेले असतील तर कंपनी गाडी तपासते किंवा फोटो मागते, एवढेच. गाडी पाच वर्षांहून जुनी असेल तर तिची किंमत आपण व कंपनी मिळून ठरवितात. अगदीच जुन्या गाडीला हा खर्च परवडतो की नाही, ते ज्याने त्याने पाहावे. पण जिच्यावर कर्ज आहे त्या गाडीला हा भाग नसणे म्हणजे घरावर धोंडा घेऊन झोपणे आहे.

कुलपाचे चार शब्द

विमा झाला तरी गाडी जाऊ नये हेच बरे. भरपाईला महिने लागतात. पाळी मात्र उद्याच असते.

हँडल लॉकवर कोणी विसंबू नये. चाकावर पाय देऊन किंवा हँडलला जोराचा झटका देऊन ते मोडता येते. म्हणून दुसरे कुलूप लागतेच. साखळी घ्यावी ती जाड कड्यांची. ती नुसती चाकातून घातली तर दोघे जण गाडी उचलून टेम्पोत टाकतात. म्हणून चाक आणि गाडीची चौकट यांतून काढून ती खांबाला, खिडकीच्या गजाला किंवा भिंतीत बसविलेल्या लोखंडी कडीला अडकवावी. साखळी जमिनीवर लोळू देऊ नये. फरशीवर टेकलेल्या कुलपावर घाव घालणे सोपे जाते. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असेल तर डिस्कचे छोटे कुलूपही मिळते. ते लावल्यावर हँडलला एक लाल चिंधी बांधावी, नाहीतर सकाळच्या घाईत विसरून गाडी पुढे घ्याल आणि स्वतःच पडाल. कुलपांना पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तेल सोडावे.

जुन्या गाड्यांत आणखी एक धोका असतो, तो झिजलेल्या किल्लीचा. आमचीच गंमत सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही बाजारातून निघालो, गाडी सुरू केली, चौकापर्यंत आलो. सिग्नलला थांबल्यावर पाहतो तो हुकाला पिशवी नाही. खाली पाहिले तर आरसाही वेगळा. गाडी दुसऱ्याचीच! रंग तोच, मॉडेल तेच, आणि आमच्या किल्लीने तिचे कुलूप निमूट उघडले होते. धावतपळत परत गेलो. मालक अजून भाजी घेत होता, म्हणून वाचलो. आमची किल्ली दुसऱ्याच्या गाडीला लागते तर दुसऱ्याची आमच्या गाडीलाही लागेल, हे ध्यानात येऊन त्याच आठवड्यात कुलपांचा पूर्ण संच बदलून घेतला. किल्ली हलवून हलवून लावावी लागते किंवा कुलूप उघडे असतानाच किल्ली निघून हातात येते, अशी ज्यांची गाडी आहे त्यांनी हा खर्च टाळू नये.

खात्रीच्या मेकॅनिककडून छुपा स्विच बसवून घेता येतो. तो बंद असला की किल्ली लावूनही गाडी सुरू होत नाही. मात्र गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंगला हात लावण्याआधी विचारून घ्यावे. गाडी कुठे आहे ते फोनवर दाखविणारे जी.पी.एस. यंत्रही मिळते. त्यातल्या सिमचे रिचार्ज वेळेवर झाले तरच त्याचा उपयोग.

मूळ आर.सी. बुक गाडीच्या डिकीत ठेवण्याची सवय आपल्याकडे फार आहे. ती सोडावी. चोराला गाडीबरोबर कागदही मिळाले तर विकायला त्याला सोपे जाते. फोनमधील डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधले कागद २०१८ पासून कायद्याने ग्राह्य धरले जातात. मूळ कागद घरी राहू द्यावेत. दुसरी किल्लीही घरीच, पण पहिलीपासून वेगळ्या जागी ठेवावी. चोरीचा दावा करताना विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. एक हरवली असेल तर हरवल्याची नोंद आणि कुलूप बदलल्याची पावती हाताशी असावी. "दोनच मिनिटांत येतो" म्हणून किल्ली गाडीलाच ठेवून चहाला जाणाऱ्यांना तर आम्ही हात जोडतो. त्यात गाडी जाते आणि निष्काळजीपणाच्या नावाखाली दावाही अडतो.

रिक्षावाल्या बांधवांनीही हे लक्षात घ्यावे. भाड्याने प्रवासी किंवा माल वाहणाऱ्या वाहनाची चोरी नव्या भारतीय न्याय संहितेत अधिक गंभीर मानली आहे. कलम ३०५ प्रमाणे तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. साध्या चोरीला कलम ३०३ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत. फिर्याद देताना आपले वाहन परमिटचे आहे हे स्पष्ट सांगावे.

गाडी गेलीच तर

पहिल्या अर्ध्या तासात दोन गोष्टी पाहाव्यात. वाहतूक पोलिसांनी उचलून तर नेली नाही ना, आणि हप्ता थकला असल्यास कर्ज देणाऱ्यांनी नेली नाही ना. दोन्ही नसेल तर ११२ ला फोन करावा आणि तात्काळ जवळचे पोलीस ठाणे गाठावे.

तेथे नुसत्या अर्जावर शिक्का घेऊन परत येऊ नये. एफ.आय.आर., म्हणजे प्रथम खबर अहवाल, नोंदवून घ्यावा आणि गु.र.नं. लिहून घ्यावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द आपली नाही या कारणावरून फिर्याद नाकारता येत नाही. ऑनलाइन कळविले तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. फिर्यादीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळाली पाहिजे. नोंद घेण्यास नकार मिळाला तर तीच हकीकत लिहून पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवावी, आणि तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. गाडीची किंमत विचारतात तेव्हा आपली माणसे संकोचाने कमी सांगतात. आमच्या त्या माउलीही म्हणाल्या होत्या, "जुनीच आहे साहेब, काय यायचं तिचं!" नव्या कायद्यात पाच हजारांच्या आतल्या चोरीसाठी वेगळी तरतूद असून तो गुन्हा अदखलपात्र ठरू शकतो, म्हणजे पोलीस आपणहून तपास करीत नाहीत. म्हणून आजची खरी किंमत सांगावी. वाढवून नको आणि घटवूनही नको. वेळ आणि जागासुद्धा खरी तीच सांगावी. पुढे विमा कंपनी शब्दन् शब्द तपासते.

त्याच दिवशी विमा कंपनीला फोनवर कळवून तक्रार क्रमांक घ्यावा, आणि मागोमाग लेखी कळवावे. कर्ज देणाऱ्यास आणि आर.टी.ओ. कार्यालयासही पत्र द्यावे, म्हणजे त्या नंबरची गाडी परस्पर दुसऱ्याच्या नावावर होणार नाही. प्रत्येक पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. उशीर झाला तरी मात्र गप्प बसू नये. एका ट्रॅक्टरच्या चोरीत मालकाने पोलिसांत त्याच दिवशी फिर्याद दिली होती, पण कंपनीला दीड महिन्याहून अधिक उशिरा कळविले. कंपनीने दावा फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २४ जानेवारी २०२० रोजी निकाल दिला की, पोलिसांत लगेच फिर्याद दिली असताना केवळ कंपनीला कळविण्यास उशीर झाला म्हणून खरा दावा नाकारता येणार नाही.

तपास करूनही गाडी सापडली नाही तर पोलीस न्यायालयात 'अ' समरीचा अहवाल पाठवितात. त्याचा अर्थ, गुन्हा खरा, पण छडा लागला नाही. दाव्यासाठी हा कागद लागतो. तो आपोआप घरी येत नाही, म्हणून ठाण्यात अधूनमधून चौकशी ठेवावी. या काळात गाडीच्या नावे फोनवर एखादे ई-चलन आले तर चिडून पुसून टाकू नका. त्यावर ठिकाण, वेळ, बहुधा फोटोही असतो. ते तपास अधिकाऱ्यांना दाखवा. चोरीच्या गाडीवरून कोणी सोनसाखळी ओढली तर पोलीस नोंदलेल्या मालकाच्याच दारी येतात. त्या वेळी आपली फिर्याद हीच आपली ढाल.

गाडी सापडली तर ती मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात ऊन-पावसात पडून राहते. ती सोडवून घेण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा. वाहने ठाण्यात सडत ठेवू नयेत असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच बजावले आहे. वकील परवडत नाही म्हणून कोणी थांबू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे महिलांना, तसेच अनुसूचित जातींतील व्यक्तींना मोफत वकील मिळू शकतो. १९९० पासून बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश आहे. जात प्रमाणपत्र घेऊन न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा समितीकडे जावे.

विमा कंपनीने दावा अडविला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी दाद मागावी. महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे फी नाही. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही आहे, त्याला दोन वर्षांची मुदत असते.

आणि जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एक शब्द. कित्येकांच्या गाड्या वर्षानुवर्षे पहिल्या मालकाच्याच नावावर आहेत. अशी गाडी चोरीला गेली तर भरपाई मागण्यात मोठा अडथळा येतो. फॉर्म २९ व ३० भरून गाडी नावावर करून घ्यावी, आणि आर.सी.बरोबर विम्यावरचे नावही बदलावे.

स्वस्तातली गाडी

चोरी होते, कारण चोरीचा माल घेणारा कोणीतरी असतो. हे बोलायला कडू आहे, पण बोलले पाहिजे. "पंधरा हजारात चकाचक गाडी, कागद नंतर देतो," असे सांगणारे आपल्या वस्तीतही येतात. आमच्या परिचयाच्या एका घरी अशी गाडी दारात आलीसुद्धा होती. नातू हट्टाला पेटला होता. आजीने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "हिच्या हुकाला कुणाच्या डब्याचं तेल लागलंय बघ. ज्याची आहे तो आज पायी गेला असंल." नातू खाली मान घालून बसला आणि गाडी आली तशी परत गेली.

चोरीचा माल आहे हे ठाऊक असून किंवा तसे मानायला सबळ कारण असून तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पोराच्या नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणी होते तेव्हा ही पंधरा हजारांची गाडी किती महाग पडते ते कळते. न दिलेले घेणार नाही, हे शील आपण दर पौर्णिमेला म्हणतो. ते अशाच वेळी पाळायचे असते. गाडी घेताना आर.सी.वरचे इंजिन आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहावेत. नंबर खरवडलेला दिसला तर तेथून सरळ निघून यावे.

वस्तीने करण्याजोगे

एकट्याने जे होत नाही ते दहा घरांनी होते. त्या चोरीनंतर आमच्या गल्लीतल्या मंडळींनी तीन कामे केली. नगरसेवकाच्या मागे लागून खांबावरचा दिवा चालू करून घेतला. भिंतीलगत जमिनीत काँक्रीट ओतून एक लोखंडी नळी बसविली. खर्च गाडीमागे वाटून घेतला. आता रात्री सगळ्या गाड्या एका रांगेत त्या नळीला साखळीने बांधल्या जातात. आणि एक वही घातली. तीत प्रत्येक गाडीचा नंबर, चासी नंबर, मालकाचा फोन आणि विम्याच्या दोन्ही मुदती लिहिल्या. कोणाचा ओन डॅमेज कधी संपतो ते महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचून दाखवितात. ही वही तो मुलगाच सांभाळतो.

१४ एप्रिलला, ६ डिसेंबरला, लग्नसमारंभांत शेकडो गाड्या एका ठिकाणी लागतात आणि चोरांची चांदी होते. त्या दिवशी चार स्वयंसेवक नुसते गाड्यांपाशी उभे राहिले तरी पुष्कळ फरक पडतो. मंडळांनी याचा विचार करावा.

त्या मुलाची गाडी मिळाली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याने शेवटचा हप्ता भरला आणि ना-हरकत दाखला आणून आमच्या हाती दिला. म्हणाला, "काका, तुमची सही मोकळी झाली." आठ महिने तो सहकाऱ्याच्या गाडीवर मागे बसून आणि कधी चालत कामावर गेला. आता जुनी गाडी बघतो आहे. पहिल्यांदा नावावर, मग विमा, मग रस्त्यावर, असा त्याने क्रम ठरविला आहे.

वाचकहो, हा अंक खाली ठेवल्यावर एक काम करा. कागदांचा डबा काढा, पॉलिसी उघडा आणि घरात ज्याला इंग्रजी वाचता येते त्या मुलीला किंवा मुलाला जवळ बसवा. त्यावर दोन तारखा असतील. दुसरी तारीख उलटून गेली असेल तर उद्याच कंपनीत फोन करा. आम्ही त्या पानासाठी अडीच वर्षे उशीर केला. तुम्ही करू नका.

जुनी गाडी नावावर करून घेताना कोणते कागद लागतात आणि दलालावाचून ते काम कसे होते, याविषयी पुढील खेपेस.